युक्काची वर्षभराची निगा: सगळा भर पावसाळ्यावर

महाराष्ट्रातल्या बागेत युक्का कुजायला लागतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि ते ध्यानात येतं ऑक्टोबरमध्ये, पानं पिवळी पडून शेंडा कलला की. ऑक्टोबरच्या उन्हाचा दोष समजून लोक मग आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळंही जातात. या झाडाला नागपूरचा मे सोसतो, नाशिकची थंडी सोसते, महिनाभर पाणी द्यायचं राहिलं तरी ते तग धरतं. सोसत नाही ते मुळाशी आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या मधल्या कोवळ्या पानांच्या खोबणीत, साचून राहिलेलं पाणी. म्हणून इथल्या हवेत युक्काचं वर्ष मेच्या पंधरवड्यापासून मोजावं आणि बाकीची कामं त्याच्या मागेपुढे बसवावीत.

आपल्याकडे कोणते युक्का मिळतात

नर्सरीत सगळ्यांना नुसतं 'युक्का' म्हणतात, पण चार जाती ओळखता आल्या तर जागा निवडणं सोपं जातं.

सर्वात जास्त विकला जातो तो युक्का एलिफंटिपीस. मूळचा ग्वाटेमाला आणि दक्षिण मेक्सिकोकडचा. एल साल्वाडोरचं हे राष्ट्रीय फूल आहे आणि तिथे त्याची फुलं भाजी करून खातात. पानाचं टोक मऊ, टोचत नाही. कुंडीत पाच-सहा फुटांवर आवरता येतो, पण जमिनीत लावला तर पंचवीस-तीस फूट जातो आणि बुंधा प्रचंड फुगतो. कंपाउंडच्या भिंतीपासून किंवा फरशीपासून निदान आठ फूट लांब लावा. फुगलेला बुंधा फरशी उचलतो.

युक्का अलोइफोलियाचं पान ताठ आणि टोक सुईसारखं. पिवळ्या कडांचा प्रकार बंगल्यांच्या बागांत बराच दिसतो. उंची दहा-पंधरा फूट. ग्लोरिओसाचं खोड आखूड, पानं निळसर झाक असलेली. या दोन्ही जाती मूळच्या अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वाळूतल्या, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीचा खारा वारा त्यांना बाधत नाही. चौथा फिलामेंटोसा: याला वर खोड नसतंच, पानांचा झुबका जमिनीलगत असतो आणि पानांच्या कडेने पांढरे कुरळे धागे सुटतात. जोरदार पावसाच्या भागात हाच सर्वात नाजूक, कारण पोंगा जमिनीच्या पातळीला असतो आणि उडालेला चिखल थेट त्यात जातो. कोकणात आणि गोव्यात तो जमिनीत लावूच नये, रुंद कुंडीत ठेवावा.

युक्का आणि घायपात यांत बरेच जण गल्लत करतात. घायपाताचं पान जाड, गरदार, कडेला बहुधा काटे. युक्काचं पान पातळ, चामड्यासारखं चिवट. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण घायपात एकदा फुलला की मरतो आणि तीच भीती धरून लोक युक्काचा तुरा आला की झाड काढून टाकतात. युक्का फुलून मरत नाही. ज्या शेंड्यातून तुरा येतो तो शेंडा पुढे वाढायचा थांबतो, पण त्याच्या बगलेतून एक-दोन नवे शेंडे फुटतात आणि झाडाला फांद्या धरतात.

लावण्याआधी जमीन पाहा

जागा ठरली की तिथे फूटभर खोल खड्डा घेऊन पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. तासाला दोन इंच पाणी उतरलं तर सपाट जमिनीत लावायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी तसंच असेल तर त्या जागी खड्डा खणून लावलेला युक्का पहिल्या पावसाळ्यातच धोक्यात येतो. खड्ड्यात कितीही वाळू घातली तरी उपयोग नाही. भोवतालच्या चिकणमातीतलं पाणी झिरपून त्या वाळूतच जमतं.

अशा जमिनीत, म्हणजे पुणे-सोलापूर-मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत, उंचवटा करा. जमीन सहा इंच कुदळून भुसभुशीत करा आणि तिच्यावर तीन-चार फूट व्यासाचा, मध्यभागी सव्वा ते दीड फूट उंच ढीग घाला. मिश्रण असं: चार घमेली मुरूम किंवा बांधकामाची बारीक कच, तीन घमेली तांबडी किंवा पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. वाळू वापरायची तर जाडी वापरा, बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली की गच्च बसते. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर घालूच नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि बुरशी दोन्ही येतात. ढिगाच्या कडेने दगड रचले की पावसात तो वाहून जात नाही.

कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी झटकन निघून जातं असं वाटतं, पण खाली फूट-दीड फुटावर कातळ असेल तर पाणी त्याच्यावर अडतं. पहारीने ठोकून पाहा. कातळ लागला तर तिथेही उंचवटाच करावा.

रोप नर्सरीतून आणताना दोन गोष्टी तपासा. खोडाच्या वरच्या कापलेल्या टोकाला मेण लावलेली रोपं म्हणजे मोठ्या झाडाच्या खोडाचे तुकडे करून मुळावलेली रोपं. त्यांना मुळं कमी असू शकतात. खोड हळूच हलवून पाहा. पिशवीतली माती जागेवर राहून खोडच डुगडुगलं तर ते रोप नको. दुसरी गोष्ट म्हणजे पिशवीतली लाल माती. ती वीट होईल इतकी घट्ट असते. हा गोळा तसाच पुरला तर बाहेरच्या भुसभुशीत मातीत मुळं जातच नाहीत आणि पावसात गोळा ओलाच राहतो. गोळ्याच्या कडेची एक तृतीयांश माती बोटांनी किंवा पाण्याच्या हलक्या धारेने सोडवून मगच लावा. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जिथे भेटतात ती जागा, मातीच्या वर दोन इंच दिसली पाहिजे. युक्का खोल लावला की डोलत नाही, सरळ उभा राहतो, म्हणून माळी लोकांना खोल लावायचा मोह होतो. त्यापेक्षा काठीचा आधार द्या.

लावणीला ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हे महिने चांगले. इतर झाडांसारखा जूनमध्ये लावू नका. नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरट, कागदासारखे डाग पडतात आणि ते कधीच हिरवे होत नाहीत. पहिला आठवडा फक्त सकाळचं ऊन, मग दर चार-पाच दिवसांनी तासभर वाढवत तीन आठवड्यांत पूर्ण उन्हात न्या.

मे: पावसाआधीचं काम

वळीव पडायच्या आधी, म्हणजे मेच्या पंधरवड्याला, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालून सुरुवात करा. अलोइफोलियाजवळ वाकून काम करताना डोळ्याला पानाचं टोक लागणं हा खरा धोका आहे. घरात लहान मुलं असतील तर हाताच्या उंचीवरच्या पानांची टोकं नेलकटरने अर्धा सेंटीमीटर उडवा. पानाला काही होत नाही, फक्त टोकाला तपकिरी ठिपका दिसतो.

खोडाला लोंबणारी वाळकी पानं काढा. कोरड्या प्रदेशात ही पानं खोडाला उन्हापासून सावली देतात, आपल्याकडे पावसात तीच ओली राहून खोड कुजवतात आणि त्यांच्या आड पिठ्या ढेकूण लपतो. पूर्ण वाळलेलं पान खाली ओढलं की बुडासकट सुटतं. अर्धं पिवळं पान ओढू नका, साल निघते. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, इंचभर देठ ठेवून कापा. हिरवी पानं खालून कापून झाडाला झाडूचा आकार देण्याची रीत आहे, ती झाडाच्या मुळावर येते. पान जेवढं कमी तेवढं खोड आणि मूळ अशक्त.

बुंध्याभोवती उन्हाळ्यात केलेलं आळं मोडा. ही सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. मेमध्ये पाणी धरून ठेवणारं आळं जूनमध्ये तळं होतं. माती बुंध्याकडून बाहेर उतरती करा आणि वरून दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे पसरा, म्हणजे चिखल उडणार नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन काढून टाका.

शेवटी ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारा: कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. युक्काच्या पानावर मेणाचा थर असल्याने नुसतं पाणी मण्यांसारखं घरंगळून जातं, म्हणून त्यात लिटरला अर्धा मिली स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घालाच. फवारल्यावर निदान सहा तास पाऊस नको.

जून ते सप्टेंबर

जमिनीतल्या झाडाला या काळात पाणी नाही, खत नाही, छाटणी नाही. नत्र दिलं की पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला आयतं सापडतं.

कुंड्यांखालच्या बशा काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि एका बाजूला फरशीचा तुकडा सरकवून कुंडी किंचित तिरकी करा. पोंग्यात पडलेलं पाणी त्यामुळे वाहून जातं. जागा बदलता येत असेल तर गच्चीच्या छज्जाखाली न्या, पण पागोळीच्या धारेखाली नको. ती उघड्या पावसापेक्षा वाईट. युरोपात पोंग्यात पाणी जाऊ नये म्हणून पानं वर गोळा करून दोरीने बांधतात. आपल्या उबदार दमट हवेत बांधलेली पानं आतून सडतात, तेव्हा ते करू नये. महाबळेश्वर-पाचगणीला, जिथे महाबळेश्वरची वर्षाची सरासरीच पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाते, किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी युक्का कुंडीतच ठेवावा आणि हे चार महिने छपराखाली घ्यावा.

दर आठवड्याला पाऊस उघडला की तीन ठिकाणी हात लावून पाहा. बुंध्याला जमिनीलगत अंगठ्याने दाबा: खोड कडक लागलं पाहिजे. मधलं सर्वात कोवळं पान चिमटीत धरून हलकेच वर ओढा: निरोगी पान हलत नाही, कुजलेलं पान अलगद हातात येतं, त्याचं बूड तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाचं असतं. आणि मातीचा वास घ्या, ताज्या ओल्या मातीऐवजी गटारासारखा वास आला तर खाली हवा उरलेली नाही.

पोंगा सडलेला असेल तर सडलेली पानं काढून पोंगा कोरडा करा, मोठी कुंडी असेल तर कापडाचा बोळा घालून पाणी टिपून घ्या. मग कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड पाण्यात पातळ लापशीसारखी कालवून ब्रशने लावा आणि झाड पावसाआड करा. शेंडा गेला तरी खोड कडक असेल तर थांबा, दोन-तीन महिन्यांत खालून फुटवे येतात.

बुंधा मऊ लागला तर थांबायचं नाही. मुळापासून सुरू झालेली कूज खोडातून वर चढते आणि वरची पानं मात्र दोन-तीन आठवडे हिरवी दिसत राहतात, तेवढाच वेळ हातात असतो. करवतीचं पातं स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या चार इंच वर खोड आडवं कापा. कापलेला चेहरा नीट पाहा. निरोगी खोड एकसारखं पांढरट, किंचित ओलसर असतं. मध्यभागी किंवा कडेने तपकिरी कडं किंवा ठिपके दिसले तर पातं पुन्हा पुसून आणखी दोन इंच वर कापा. असं एकही डाग दिसेनासा होईपर्यंत वर जा. एक ठिपका राहिला तरी कूज पुढे चालूच राहते. मिळालेला शेंडा छाट म्हणून वापरता येतो, त्याची रीत खाली दिली आहे. मूळच्या जागेवरची माती काढून टाका आणि तिथे पुढचं वर्षभर युक्का लावू नका.

पानांवर गडद कडांचे गोल तपकिरी डाग हा बुरशीचा करपा. खालची चार-सहा पानं डागाळली तर ती काढून जाळा आणि जुलैतल्या उघडिपीत फवारणी पुन्हा करा. सगळ्या झाडावर डाग असतील तर दोन झाडांमधलं अंतर कमी आहे किंवा हवा खेळत नाही, तो मूळ दोष काढा.

ऑक्टोबर ते जानेवारी

परतीचा पाऊस संपला की आठवडाभर काही करू नका. जमीन वाफशावर येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहू द्या. मग बुंध्यापासून फूटभर लांब वर्तुळात दोन इंच माती हलवून प्रत्येक मोठ्या झाडाला एक घमेलं शेणखत आणि दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड द्या. जमिनीतल्या युक्काला वर्षाला एवढं पुरतं.

ऑक्टोबर हीटमध्ये पानं दुमडली म्हणून लगेच पाणी सोडू नका. आधी माती चार इंच उकरून पाहा. खाली ओल असूनही पानं दुमडत असतील तर मुळं कुजलेली आहेत, पाण्याने ती बरी होत नाहीत.

याच सुमारास आणि पुन्हा फेब्रुवारीत पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो. खोडावर मुंग्यांची रांग लागली की समजावं, तो आत आहे. त्याच्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्याच त्याला जपतात. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. जास्त असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने बगला धुवा, मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल पाच मिली आणि साबणाचं द्रावण दोन मिली एक लिटर पाण्यात घुसळून फवारा. आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा केल्याशिवाय अंड्यांतून निघालेली नवी पिल्लं आटोक्यात येत नाहीत.

थंडीत जमिनीतल्या झाडाला वीस दिवसांतून एकदा पाणी पुरे, कुंडीला दहा-बारा दिवसांतून. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो तेव्हाही अलोइफोलिया, ग्लोरिओसा आणि फिलामेंटोसा यांना काही होत नाही. एलिफंटिपीसच्या कोवळ्या शेंड्यावर मात्र दव गोठलं तर तो काळवंडतो, म्हणून अशा रात्री त्यावर गोणपाट टाकून सकाळी काढा. प्लास्टिक नको, आत ओल धरते.

न्यू जर्सी किंवा लंडनकडे राहणाऱ्यांनी फिलामेंटोसा बाहेर ठेवावा, तो बर्फातही तगतो. एलिफंटिपीस थंडी पडण्याआधी घरात, सर्वात उजेडाच्या खिडकीशी आणावा आणि महिन्यातून एकदाच पाणी द्यावं.

फेब्रुवारी ते मे

हा वाढीचा काळ. जमिनीतल्या मोठ्या झाडाला दहा-बारा दिवसांनी एकदा पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश द्या. रोज मगभर पाणी दिलं की मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि मेमध्ये भाजतात. बारा इंची कुंडीला वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावर दीड-दोन लिटर, खालून पाणी निघेपर्यंत. कुंडीतल्या झाडांना फेब्रुवारी ते एप्रिल महिन्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांची टोकं करपतात. एप्रिलमध्ये एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी सोडून क्षार धुवून काढा.

विदर्भात गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून मुळं शिजतात, पान उन्हाला टिकतं तरीही. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा किंवा ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा.

तुरा आला तर पाणी नेहमीइतकंच ठेवा. मोत्यासारखी पांढरी घंटाफुलं दोन-तीन आठवडे टिकतात. युक्काच्या मूळ प्रदेशात एक छोटा पतंग परागकणांचा गोळा करून फुलात भरतो आणि तिथेच अंडी घालतो. तो पतंग आपल्याकडे नाही, त्यामुळे बी जवळपास धरत नाही. फुलं सुकली की दांडा बुडापासून दोन इंच ठेवून कापा.

छाटापासून नवी रोपं

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक ते दीड इंच जाडीचं खोड फूटभर लांबीचं कापा. वरचं टोक आडवं आणि खालचं तिरकं कापलं की वरखाली उलटापालट होत नाही. उलटा लावलेला छाट मुळावत नाही. शेंड्याचा छाट असेल तर मधली दहा-बारा पानं ठेवून बाकीची काढा. सावलीत, वाऱ्यावर सहा-सात दिवस वाळवा. कापलेला भाग कोरडा आणि कडक झाल्याशिवाय मातीत घालू नका. वरच्या टोकाला बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे, प्लास्टिकच्या भांड्यात कालवायचे आणि मग एकत्र करायचे. त्याच दिवशी वापरा.

जाडी वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन छाट चार इंच खोल लावा, माती दाबा आणि पहिलं पाणी आठवड्याने द्या. त्यानंतर वरचा थर कोरडा झाला की थोडं थोडं. कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवा. सहा-आठ आठवड्यांत मूळ धरतं, पण डोळा त्याआधीही फुटतो. तो खोडातल्या साठ्यावर फुटलेला असतो, म्हणून कोंब दिसला की पाणी वाढवू नका. हलकेच ओढून पाहिल्यावर छाट हलला नाही तरच मोठ्या कुंडीत हलवा. मे संपेपर्यंत ज्यांनी मूळ धरलं नसेल ते छाट पावसाच्या आत छपराखाली घ्या आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच ठेवा.